दगडाचा अभ्यास म्हणजे रिकामा उद्योग म्हणणाऱ्यांनी आधी हे वाचा

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हा वाचा, पण पूर्ण वाचा. आणि पटली नाही तर खाली भांडायला या.

भूशास्त्राचे कुणी प्राध्यापक किंवा त्यांची पोरं हातोडी अन् पिशवी घेऊन आपल्या भागात दिसली की कट्ट्यावर एक शेरा ठरलेला असतो. "दगड गोळा करायचा पगार मिळतोय, बरंय की!" सगळे हसतात. पेपरात "गाळाच्या खडकांत ऊर्जा साठवण्यावर संशोधन" अशी बातमी आली तर ती वाचायचे कष्टही कुणी घेत नाही. आपण सगळे काळ्या पाषाणावर राहतो, आपला काय संबंध?

संबंध आहे. आपल्या मोटारीला वीज कधी मिळणार, युरियाची गोणी वेळेवर येणार का, उजनीत पाणी किती उतरणार, या तिन्ही गोष्टींची एक एक दोरी त्या दगडात अडकलेली आहे. माझी तक्रार एवढीच आहे की आपलं सरकार दगडाला आधी कधी विचारत नाही. संकट आलं की विचारतं. आणि दगडानं जे सांगितलं तेही धड लिहून ठेवत नाही.

आधी विजेचं बघू. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीच्या दुसऱ्या टप्प्यात गायरानावर, सबस्टेशनच्या जवळपास सोलरचे प्रकल्प उभे राहतायत. शेतीला दिवसा वीज मिळणार, ही गोष्ट चांगलीच आहे. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन उसात पाणी धरायला गेलेल्या माणसाला साप चावला, बिबट्या आडवा आला, या बातम्या आम्हीच छापल्यात. दिवसा वीज हा त्यावरचा खरा उपाय आहे. पण सूर्य सहाला मावळतो अन् गावातले दिवे, दळणाची गिरणी, कारखाना, मोबाईलचे टॉवर त्यानंतरही चालूच राहतात. दुपारी जास्तीची झालेली वीज संध्याकाळपर्यंत राखून ठेवायची कुठं? पुढच्या काळातला विजेचा खरा प्रश्न हाच आहे. तयार करणं सोपं होत चाललंय, साठवणं अवघड आहे.

साठवायचे मोठे मार्ग तीन. पहिला बॅटरी. ती काही तासांसाठी ठीक. दुसरा पाणी. दुपारच्या फुकटच्या विजेवर पाणी वरच्या तळ्यात चढवायचं, रात्री खाली सोडून जनित्र फिरवायचं. तिसरा जमिनीखालचा. विजेपासून हायड्रोजन करायचा, नाहीतर नैसर्गिक वायू घ्यायचा, आणि तो खोल खडकात दाबून ठेवायचा. पावसाळ्याचे चार महिने सूर्य दिसला नाही तरी पुरेल इतकी साठवण करायची तर या तिसऱ्या मार्गाकडं जगाचं लक्ष लागलेलं आहे.

आता खडकात वायू राहतो कसा? लोकांना वाटतं खाली मोठी पोकळी असते. तसं नसतं. वाळूची पाटी भरून घ्या आणि तिच्यात तांब्याभर पाणी ओता. वाळू भरलेली असूनही पाणी आत जिरतं, कारण कणाकणाच्या मधे जागा असते. वाळूचा खडक, म्हणजे सँडस्टोन, तसाच असतो. त्याच्यावर चिकट, बारीक कणांच्या शेलचा थर झाकणासारखा बसलेला असला की आत दाबलेला वायू वर येत नाही. हे दोन्ही गाळाचे खडक. नदीनं, समुद्रानं आणलेला गाळ लाखो-कोट्यवधी वर्षं दाबला जाऊन झालेले. कोळसा त्यांच्यातच सापडतो, तेलही बहुतेक त्यांच्यातच सापडतं. निसर्गानं ज्या खडकात ऊर्जा साठवली त्याच खडकात आपण परत साठवू बघतोय, एवढीच ही गोष्ट आहे.

महाराष्ट्रात असे खडक कुठं आहेत? चंद्रपूर, वणी, नागपूरकडं. तिथल्या कोळशावर राज्याची वीज चालते, एकट्या चंद्रपूर केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. आपल्या भिगवणच्या पेपर मिलमुळं ज्या बल्लारपूरचं नाव इथल्या पोराबाळांच्या तोंडी बसलं, ते बल्लारपूर त्याच कोळशाच्या आणि वाळूखडकाच्या पट्ट्यातलं. दुसरी जागा समुद्रात. १९७४ साली 'सागर सम्राट' या जहाजानं मुंबई हायला तेल शोधलं, ते चुनखडकात. चुनखडकही गाळाचाच. तेल-वायू उपसून झालेले असे थर उद्या कोठार म्हणून वापरता येतील का, हा अभ्यासाचा विषय आहे आणि तो फुकटचा नाही.

कारण बघा. कच्च्या तेलासाठी आपल्या देशानं विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर इथं कठीण खडकात गुहा कोरून ५३.३ लाख टनांची सोय केली. नैसर्गिक वायूचं मात्र तसं मोठं भूमिगत कोठार आपल्याकडं नाही. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं तेव्हा युरोपनं नियम केला की हिवाळ्याआधी कोठारं किमान ८० टक्के भरलेली पाहिजेत. त्यांच्याकडं भरायला कोठारं होती. आपण त्या वर्षी महागडा वायू जहाजानं आणत होतो. आणि वायू म्हणजे फक्त शहरातला सीएनजी नव्हे, तर युरिया. थळच्या आरसीएफसारख्या कारखान्यांत वायूपासून अमोनिया होतो, अमोनियापासून युरिया. गोणीचा भाव सरकार अनुदान देऊन धरून ठेवतं म्हणून आपल्याला दुकानात कळत नाही, पण ते पैसे शेवटी आपल्याच खिशातून जातात.

"मग करा की साठवण, अभ्यास कसला करत बसायचा?" असं म्हणणाऱ्यांसाठी दोन खऱ्या गोष्टी सांगतो.

पहिली स्पेनची. तिथल्या किनाऱ्याजवळ समुद्राखालच्या जुन्या तेलक्षेत्रात वायू साठवायचा 'कॅस्टर' नावाचा प्रकल्प झाला. २०१३ मध्ये वायू आत दाबायला सुरुवात केली आणि भूकंपाचे शेकडो धक्के बसू लागले. जवळच्या भेगांचा विचार नीट झालेला नव्हता. प्रकल्प बंद पडला आणि कंपनीला भरपाई म्हणून १३५ कोटी युरो द्यायची पाळी आली. वापर शून्य, बिल जनतेच्या नावावर.

दुसरी जुन्या चेकोस्लोव्हाकियातली. लोबोदित्से इथं जमिनीखालच्या वाळूखडकात शहराला पुरवायचा वायू साठवत होते, त्यात निम्म्याच्या आसपास हायड्रोजन होता. काही महिन्यांनी बाहेर काढला तर हायड्रोजन कमी आणि मिथेन जास्त. खडकातल्या सूक्ष्म जिवाणूंनी तो खाऊन त्याचं रूपांतर करून टाकलं होतं! म्हणजे कोठारात ज्वारी भरली अन् उघडल्यावर बाजरी निघाली.

दगड गोळा करणारा माणूस हेच शोधत असतो. खडकाचा नमुना प्रयोगशाळेत दाबाखाली ठेवून त्यात वायू किती शिरतो, किती परत येतो, झाकणाचा थर कुठं फुटतो, आत काय राहतंय. मुंबईच्या आयआयटीत प्रा. विक्रम विशाल आणि त्यांचे सहकारी शेल, कोळसा अशा गाळाच्या खडकांवर आणि त्यांत वायू साठवण्यावर असंच काम करतात. हे काम सावकाश चालतं, त्याचं रिबीन कापता येत नाही, म्हणून कुणा पुढाऱ्याला त्यात रस नाही. हायड्रोजनच्या राष्ट्रीय मोहिमेला जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी मंजूर झाले. राज्याचंही हरित हायड्रोजन धोरण त्याच वर्षी आलं. भाषणात हायड्रोजन रोज असतो. तो ठेवायचा कुठं, हा प्रश्न कुठल्या सभेत ऐकलात का?

आता आपल्याकडं या. राज्याचा साधारण ८० टक्के भाग काळ्या बेसाल्टनं झाकलेला आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले, त्यावर भिगवण, बारामती, इंदापूर, दौंड सगळं वसलं. हा खडक वाळूखडकासारखा वायू पोटात घेत नाही. म्हणून इंदापूर तालुक्यात उद्या हायड्रोजनचं कोठार होईल असं कुणी सांगितलं तर त्याला हात जोडा. पण म्हणून काळा पाषाण बिनकामाचा असंही नाही. आइसलँडमध्ये २०१२ पासून कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडतात आणि दोन वर्षांच्या आत त्यातला बहुतेक दगड होऊन बसतो. आपल्या बेसाल्टमध्ये हे कितपत जमेल त्याचाही अभ्यास आपल्याकडं होतोय.

खरा प्रश्न पुढं आहे. या काळ्या थराच्या खाली काय आहे? आणि तो थर किती जाड आहे?

किल्लारीला कळलं ते कधी? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे हजारो माणसं ढिगाऱ्याखाली गेल्यानंतर. मग शास्त्रज्ञांनी तिथं ६१७ मीटर खोल बोअर घेतलं. ३३८ मीटरला बेसाल्ट संपला, त्याखाली आठ मीटरचा गाळाचा थर लागला, आणि त्याखाली जुना ग्रॅनाइटसारखा खडक. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ ला भूकंप झाला, दीडशेहून जास्त माणसं गेली. धरणात साठवलेल्या पाण्याचा त्याच्याशी संबंध आहे असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. तिथं तीन किलोमीटरचं बोअर झालं ते पन्नास वर्षांनी, २०१७ च्या सुमारास. तिथं बेसाल्ट एक किलोमीटरच्या पुढे भरला आणि खाली गाळाचा थर लागलाच नाही, थेट ग्रॅनाइट. एकाच राज्यात, एकाच काळ्या खडकाखाली, एवढा फरक! आणि दोन्ही ठिकाणी दगडाला प्रश्न विचारला तो माणसं मेल्यावर.

उजनीला तसा धोका आहे असं मी म्हणत नाही, उगाच कुणी फॉरवर्ड करून घबराट पसरवू नका. मी म्हणतोय की माहिती आधी घ्यायची सवय आपल्याला नाही.

याचा सगळ्यात मोठा पुरावा आपल्या शेतात आहे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत भीमेच्या दोन्ही अंगाला किती बोअर पडली? रस्त्यानं जाताना दर चार शेताआड एक केसिंग पाईप दिसतो. २००९ चा भूजल कायदा २०१४ पासून लागू आहे. त्यात ६० मीटरच्या, म्हणजे २०० फुटांच्या खाली शेतीसाठी विहीर घ्यायला बंदी आहे, बोअरच्या गाड्यांच्या मालकांनी नोंदणी करायची आहे. आणि आपल्याकडं चारशे-पाचशे फुटांच्या गप्पा चहाच्या टपरीवर उघड चालतात! कायदा कुणी मोडला याचा हिशेब आज करत नाही. शेतकरी तहानेनं खाली जातो, हौसेनं नाही. पण एक बघा. त्या प्रत्येक बोअरमधून दगडाचा चुरा वर आला. पहिले वीस फूट मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा कातळ, मधे तांबडा गेरू, परत कातळ, दोनशे साठला फट, तिथं पाणी. गाडीवरच्या ऑपरेटरला रंग बघून खालचं सगळं कळतं. आपण पाणाड्याला नारळ फिरवायचे पैसे देतो, पण ऑपरेटर जे सांगतो ते पाटीच्या मागेसुद्धा लिहीत नाही. चुरा बांधावर पडतो, पहिल्या पावसात वाहून जातो.

लाखो रुपये शेतकऱ्याचे गेले. खालच्या जमिनीचा नकाशा आपोआप तयार होत होता, तो कुणी उतरवूनच घेतला नाही. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून आहे, मुख्यालय पुण्यात. त्यांच्या निरीक्षण विहिरी आहेत, माणसं कामाची आहेत. पण खाजगी बोअरचा कागदच कुणी मागत नसेल तर ती तरी काय करणार? ही बोअरं किलोमीटरभर खाली जात नाहीत, त्यांनी बेसाल्टचा तळ कळणार नाही हे मान्य. पण पहिल्या दीडशे मीटरमध्ये कुठं फट, कुठं सच्छिद्र थर, कुठं भेग हे कळलं असतं. पाणी जिरवायलाही तेच लागतं अन् बोगदा खणायलाही तेच.

बोगदा म्हटल्यावर विषय एकदम आपल्या दारात येतो. वायूची साठवण आपल्या खडकात होणार नाही, म्हणजे आपल्या वाट्याला दुसरा मार्ग येणार, पाण्याचा. तो आलाच आहे. जून २०२३ मध्ये राज्य सरकारनं एनएचपीसी आणि टोरेंट यांच्याशी मिळून १३,०५० मेगावॉटच्या पंप्ड स्टोरेजचे करार केले. टोरेंटच्या यादीत कर्जतबरोबर मावळ आणि जुन्नर ही नावं आहेत. त्याच वर्षी टाटा पॉवरचा करार झाला, त्यात मावळातलं शिरवटा १,८०० मेगावॉटचं. डिसेंबर २०२३ मध्ये यासाठी राज्याचं वेगळं धोरणही आलं. मावळ आणि जुन्नर म्हणजे कोण? इंद्रायणी, पवना, कुकडी. या सगळ्या कुठं येतात हे भिगवणच्या माणसाला सांगायला नको.

माझा या प्रकल्पांना विरोध नाही. नगर जिल्ह्यातल्या घाटघरला २५० मेगावॉटचा असा प्रकल्प २००८ पासून आहे, त्याचं वीजघर डोंगराच्या पोटात आहे. आपल्या उजनीच्या पायथ्याला भीमानगरचा १२ मेगावॉटचा संचसुद्धा उलटा फिरून पाणी वर चढवण्यासाठीच बनवलेला आहे, किती जणांना माहीत आहे? तंत्र नवं नाही, वाईटही नाही. पाणी वरून खाली, खालून वर फिरत राहतं, ते संपत नाही. पण तळी पहिल्यांदा भरायला पाणी लागतं, दरवर्षी उन्हानं उडालेलं भरून काढायला लागतं. ते कुठल्या खोऱ्याच्या हिशेबातून? डोंगरात किलोमीटर-किलोमीटरचे बोगदे काढल्यावर वरच्या वाड्यांचे झरे राहतील की आटतील? ते कातळ सांगेल. पण कातळाचा अहवाल मराठीत, ग्रामसभेपुढं, कुणी वाचून दाखवला आहे का? आणि वाचलाच तर तो वरच्या गावांत. खाली उजनीकाठी आपल्याला कोण विचारतो!

सह्याद्रीत पाण्यावर वीज करायची म्हणून लोकांना न विचारता जमिनी घेतल्या तेव्हा १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले. त्याला शंभर वर्षं उलटली. उजनीसाठी आपली गावं उठली, पाणी आटलं की पळसदेवच्या देवळाचा कळस बघायला आपणच जातो. उजनी 'वजा'त गेली की आधी आपल्या मोटारी बंद पडतात. या सगळ्यातून शिकायचं काय? आधी कागद, मग कुदळ.

"ही माहिती कंपनीची असते, उघड कशी करणार?" असं साहेब लोक म्हणतील. डोंगर कंपनीचा नाही, नदी कंपनीची नाही, बोअर शेतकऱ्याचं आहे. मग माहिती कंपनीची कशी? "खर्च कोण करणार?" कॅस्टरचा आकडा वर दिलाय, न विचारण्याचा खर्च तेवढा असतो.

म्हणून तीन मागण्या आहेत, साध्या आहेत.

१. कुठलंही बोअर झालं की एका पानाचा कागद. किती फुटाला कुठला थर, पाणी किती फुटाला. गाडीवाल्यानं भरायचा, एक प्रत शेतकऱ्याला, एक ग्रामपंचायतीत, एक भूजल यंत्रणेला. आणि हा कागद शेतकऱ्यावर कारवाई करायला वापरायचा नाही असं आधी लेखी द्यायचं, नाहीतर कुणी खरं लिहिणार नाही.

२. मावळ, जुन्नर किंवा कुठल्याही पंप्ड स्टोरेजचा खडकाचा आणि पाण्याचा अहवाल मराठीत जाहीर करा. त्यात भीमा खोऱ्यातून पहिल्या भरणीला किती आणि दरवर्षी किती, हे दोन आकडे पहिल्या पानावर. सुनावणी वर होईल तशी खाली उजनीच्या पट्ट्यातही.

३. भूशास्त्र शिकलेल्या पोरांना कामाला घ्या. पुण्यात फर्ग्युसनमध्ये, विद्यापीठात हा विषय शिकवतात. आपल्या तालुक्यातली पोरं तिकडं का जात नाहीत? नोकरी कुठाय म्हणून. तालुक्याला एक भूशास्त्रज्ञ दिला तर बोअरचे फुकट जाणारे पैसेच त्याचा पगार काढतील.

यातली पहिली गोष्ट सरकारची वाट न बघता करता येते. पुढचं बोअर घ्याल तेव्हा वही घेऊन गाडीजवळ बसा. दर दहा फुटाला चुऱ्याचा रंग लिहा, मूठभर चुरा कागदाच्या पुडीत बांधून वर फूट टाका. शेजाऱ्याच्या बोअरला ते कामाला येईल, नातवाच्याही येईल. आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, यातली जी ग्रामसभा आधी येईल तिथं दुसरी मागणी ठरावात घाला. ठरावाचा मसुदा हवा असेल तर कमेंटमध्ये गावाचं नाव टाका, लिहून देतो.

आणि हो, पुढच्या वेळी कुणी हातोडीवाला दिसला तर हसू नका. आपलं बोअर दाखवा, चहा पाजा, आणि विचारा, सर, आमच्या खाली काय आहे?